कोळशाची खाण, उसाची पावती आणि संगणकाचे समाजशास्त्र

वणीहून घुग्गुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग वणीकरांना नवी नाही. पूर्वी या रांगेचा हिशेब वहीत होता. काट्यावरचा कारकून गाडीचा नंबर लिहायचा, भरलेले आणि रिकामे वजन मांडायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायचा. आता ट्रकवर जीपीएसचे यंत्र असते, काट्याजवळच्या फाटकावर ट्रकची ओळख यंत्रच पटवते, वजन थेट संगणकात जाते. कोळसा चोरीला जाऊ नये म्हणून ही व्यवस्था आली आणि तिची गरज कोणी नाकारणार नाही. पण ती आल्यावर काट्यावरच्या कारकुनाचे काम काय उरले, ड्रायव्हरचा वेळ वाचला की वाढला, यंत्र चुकले तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न कोणत्या विषयात शिकवले जातात? संगणकाच्या अभ्यासक्रमात ते सहसा नसतात, कारण तिथे प्रोग्राम, डेटाबेस आणि नेटवर्क शिकवतात. समाजशास्त्रातही ते क्वचितच असतात, कारण तिथे संगणक हा परका प्रदेश समजला जातो.

जगातल्या काही विद्यापीठांत मात्र या प्रश्नांचा स्वतंत्र विषय आहे. त्याला सोशल कम्प्युटिंग म्हणतात. मराठीत 'सामाजिक संगणन' म्हणता येईल. माणसे संगणकाच्या आधाराने एकत्र कशी येतात, काम कसे वाटून घेतात, एकमेकांना काय विचारतात आणि यंत्राच्या रचनेत कोणाची सोय पाहिली जाते, याचा हा अभ्यास. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर हा विषय जन्मला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे एक मूळ कोळशाच्या खाणीत सापडते आणि त्याचे दोन महत्त्वाचे अध्याय आपल्या महाराष्ट्रात, मराठी शेतकऱ्यांच्या सोबतीने लिहिले गेले आहेत. प्रस्तुत लेखात तो इतिहास मांडायचा आहे आणि तो वणीसारख्या गावातल्या विद्यार्थ्याच्या काय उपयोगाचा, हेही पाहायचे आहे.

खाणीतला धडा

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. नवी यंत्रे आली, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. गैरहजेरी वाढली, कामगार आजारी पडू लागले. याचा शोध लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी घेतला. बॅमफोर्थ स्वतः अनेक वर्षे खाणकामगार होते, ही गोष्ट महत्त्वाची. १९५१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

यंत्रे येण्यापूर्वी खाणीत दोघातिघांच्या जोड्या असत. आपला जोडीदार कामगार स्वतः निवडत. कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंतचे सगळे काम ती जोडी करी. जोडीदार जायबंदी झाला किंवा दगावला, तर त्याच्या घरच्यांकडे दुसरा पाहत असे. 'लाँगवॉल' नावाची नवी पद्धत आल्यावर सुमारे ४० माणसांचे काम तीन पाळ्यांत वाटले गेले. एका पाळीने कापायचे, दुसरीने पुढची तयारी करायची, तिसरीने भरायचे. एका पाळीचे काम अर्धवट राहिले की त्याचा भार पुढच्या पाळीवर पडे, पण त्या पाळीची आणि हिची गाठही पडत नसे. कागदावर योजना बिनचूक होती. तिने मोडला तो माणसामाणसांतला धागा, आणि त्याची नोंद कुठल्याच आराखड्यात नव्हती.

ट्रिस्ट यांना दक्षिण यॉर्कशरमधल्या एका खाणीत उलटेही दिसले. तिथे यंत्रे नवी होती, पण कामगारांनी आपले गट पुन्हा बांधले होते, कामे आपसांत वाटून घेतली होती, आणि तिथे काम चांगले चालले होते. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. यंत्र आणि माणसांची रचना यांचा एकत्र विचार न करण्याचा होता. यातूनच 'सामाजिक-तांत्रिक व्यवस्था' ही कल्पना रूढ झाली. आज संगणक आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

वणीच्या परिसरातल्या आजच्या बहुतेक खाणी खुल्या आहेत. तिथे भुयारातली जोडी नाही, अवजड डंपर आहेत. म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण १९७३ सालचे राष्ट्रीयीकरण, १९७५ साली झालेली वेकोलिची स्थापना, राजूर कॉलरीसारख्या जुन्या वस्त्या आणि आताचे जीपीएस एवढा पट एकाच तालुक्याच्या स्मरणात आहे. त्या स्मरणाचा अभ्यास करायला लंडनहून कोणी येण्याची गरज नाही.

कामगार संघटना आणि संगणक

कल्पनेचा पुढचा टप्पा नॉर्वेत गाठला गेला. क्रिस्टन न्यूगार्ड हे सिम्युला या प्रोग्रामिंग भाषेचे एक निर्माते. ओले-योहान दाल यांच्यासह त्यांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज संगणकाचा प्रत्येक विद्यार्थी जे 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' तंत्र शिकतो, त्याचा उगम या भाषेत आहे. पण याच न्यूगार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, हे सहसा शिकवले जात नाही. कारखान्यात येणारा संगणक कामगारांनी समजून घ्यावा आणि त्याबद्दल आपले म्हणणे मांडावे, यासाठी त्यांनी कामगारांबरोबर अभ्यासगट चालवले. १९७५ साली तिथल्या कामगार आणि मालक महासंघांत संगणकाविषयी देशव्यापी करार झाला. ज्याच्या कामावर यंत्राचा परिणाम होणार, त्याला यंत्राच्या रचनेत बोलण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून रुजले.

अमेरिकेत वाट वेगळी होती. जे. सी. आर. लिक्लायडर हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. १९६८ साली रॉबर्ट टेलर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी संगणक हे मुळात संवादाचे साधन ठरेल आणि माणसे गावाच्या नात्यापेक्षा आवडीच्या नात्याने जोडली जातील, असे भाकीत केले. १९८७ साली मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी फोटोकॉपी यंत्रापुढे गोंधळलेल्या माणसांचा अभ्यास करून दाखवले की यंत्र बनवणारा गृहीत धरतो तशा ठरावीक पायऱ्यांनी माणूस वागत नाही, तो प्रसंग पाहून वागतो. आपल्याकडे सेतू केंद्रात ऑनलाइन अर्ज भरताना काय होते ते आठवले, की सचमन यांचे म्हणणे लगेच पटते. १९८६ साली संगणकाच्या आधाराने होणाऱ्या सहकार्याच्या अभ्यासाची पहिली मोठी परिषद अमेरिकेत ऑस्टिन इथे भरली. १९९४च्या जानेवारीत एका प्रमुख संगणक नियतकालिकाने डग शूलर यांच्या संपादनाखाली 'सोशल कम्प्युटिंग' याच नावाचा विशेष विभाग काढला. फेसबुक त्यानंतर दहा वर्षांनी आले.

महाराष्ट्रात संगणक आला तो असा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुणांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याचे उपयोग बहुतांशी वैज्ञानिक गणितांचे होते. पुढे १९८०च्या दशकात अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या निमित्ताने मुंबईतल्या संस्थांमध्ये ईमेल सुरू झाला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

दरम्यान लिपीचा प्रश्न होता. १९९१ साली इस्की ही भारतीय लिप्यांची सांकेतिक प्रणाली राष्ट्रीय मानक झाली आणि त्याच काळात युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. अक्षरकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा टंक विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. अक्षरे पडद्यावर आली नसती तर मराठी माणसाचा संगणकाशी संबंध फक्त आकड्यांपुरता राहिला असता.

तालुक्याच्या गावांत संगणक पोहोचला तो मुख्यतः एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि थोड्याच काळात वणीसारख्या गावांत या वर्गांच्या पाट्या दिसू लागल्या. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून पुष्कळांनी ते केले. माउस हातात धरण्याची भीती त्यामुळे गेली, हे मोठे काम झाले. पण संगणक म्हणजे शिकून घ्यायचे कौशल्य, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, अशीही एक सवय त्याच काळात लागली.

वारणा : एका पावतीची गोष्ट

१९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रे बसवण्यात आली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था यांनी खर्च वाटून घेतला. बाजारभाव, जमिनीचे उतारे, आरोग्यसल्ला, शिक्षण असे सगळे गावातल्या त्या केंद्रातून मिळेल, अशी योजना होती. देशभरात तिचे कौतुक झाले.

सुमारे आठ वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या प्रयोगशाळेतले राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी तिथे जाऊन पाहिले. केंद्रे चालू होती, पण योजनेतली बहुतेक स्वप्ने बाजूला पडली होती. शेतकरी येत होता तो फक्त उसासाठी : आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडीची परवानगी निघाली का, खत किती मिळणार. एवढ्या कामासाठी प्रत्येक गावात संगणक ठेवणे आणि दुरुस्त करत राहणे महाग पडत होते. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. कारखान्यातल्या संगणकाला एक मोबाइल जोडला. त्यावर एसएमएस पाठवला की हवी ती माहिती उलट एसएमएसने येई. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना आवडला.

गोष्ट लहान आहे, पण तिच्यात दोन धडे आहेत. पहिला असा, की शेतकऱ्याला काय हवे ते दिल्लीमुंबईत ठरले होते, आणि त्याला खरोखर काय हवे ते त्याच्या वागण्यातून कळले. दुसरा अधिक महत्त्वाचा. ही व्यवस्था टिकली, कारण तिच्यामागे आधीच एक जिवंत सहकारी संस्था होती. कारखाना, सभासद, उसाची नोंद, पावती आणि तिच्यावरचा विश्वास हे सगळे संगणकाच्या आधीपासून होते. संगणकाने ते जलद केले. तोयामा यांनी पुढे २०१५ साली 'गीक हेरेसी' या पुस्तकात हाच विचार विस्ताराने मांडला : तंत्रज्ञान नवी ताकद निर्माण करत नाही, असलेली ताकद वाढवते. जिथे संस्था खिळखिळी आहे, तिथे ते खिळखिळेपणाच वाढवते.

वीरराघवन यांची पुढची वाट या लेखाच्या विषयाला धरून आहे. हा संगणक अभियंता नंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात समाजाचा अभ्यास शिकायला गेला आणि आंध्र प्रदेशातल्या रोजगार हमीच्या संगणकीकरणावर त्याने संशोधन केले. मजुराची हजेरी संगणकात गेली की गावातली सत्ता कशी सरकते, वरचा अधिकारी आणि खालचा पुढारी एकमेकांना कशी बगल देतात, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. उसाच्या पावतीपासून सुरू झालेली उत्सुकता विद्यापीठातल्या एका विषयापर्यंत पोहोचली.

बारामती : प्रश्न कोणाच्या शब्दांत विचारायचा?

दुसरा अध्याय पवईच्या आयआयटीचा. तिथल्या माहिती तंत्रज्ञान विद्यालयात प्रा. कृती रामामृतम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या सुमारास 'आक्वा' ही शेतीविषयक प्रश्नोत्तरांची व्यवस्था बांधली. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र तिच्यात सहभागी होते. शेतकऱ्याने मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायचा, रोगट पानाचा फोटो जोडायचा, तज्ज्ञाने काही दिवसांत उत्तर द्यायचे. ते उत्तर सगळ्यांना दिसेल असे राहायचे. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर दिलेले उत्तर विचारणाऱ्याच्या कानापाशी थांबे. इथे मात्र एका गावाचा प्रश्न दुसऱ्या गावाच्या कामी येई. म्हणूनच हे सामाजिक संगणन.

यातली खरी अडचण भाषेची होती. विद्यार्थ्यांनी डेटाबेस शिकलेला होता, पण शेतकरी रोगाचे शास्त्रीय नाव लिहीत नाही. तो 'पाने लाल पडली' असे लिहितो. त्याच संस्थेत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने शब्दाऐवजी अर्थावरून शोध घेणाऱ्या बहुभाषिक यंत्रणेवर काम केले. मराठी शब्दजालही त्यांच्याच प्रयोगशाळेत विणले गेले. तरी आपल्या भागातला शेतकरी 'पऱ्हाटी' म्हणतो, विद्यापीठाची पुस्तिका 'कपाशी' म्हणते आणि सरकारी पोर्टलवर 'कापूस' असतो. तिन्ही शब्द एकच आहेत, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा माणूस वऱ्हाडी जाणणारा हवा. आणि वणी, झरी, मारेगाव या तालुक्यांतल्या कोलाम पाड्यांवरच्या कोलामीचे काय? ती मराठीची बोली नाही, द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. एमेनो यांनी १९५५ साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले, पण संगणकापुढे ती अजून जवळजवळ मुकीच आहे.

आपल्या दाराशी

हे सगळे दूरच्या गावांचे झाले. आता यवतमाळ जिल्ह्याकडे येऊ. २०१७च्या जूनमध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांची दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. त्यासाठी ऑनलाइन अर्ज बंधनकारक केला. पतीपत्नी दोघांची माहिती, आधार, बोटांचे ठसे किंवा मोबाइलवर येणारा क्रमांक असे सगळे लागत होते. पूर्वीच्या माफीत बँकांनी घोळ केला, अपात्रांना लाभ मिळाला, म्हणून ही काळजी, असे सरकारचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. पण केंद्रांपुढे रांगा लागल्या. शेतीच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचे ठसे यंत्राला कळेनात. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगेच बँकांच्या आणि अर्जांच्या याद्या जुळेनात म्हणून काम अडले. शेतकरी आत्महत्यांनी देशाला माहीत झालेल्या या जिल्ह्यात पोर्टलवरचा प्रत्येक अडलेला दिवस म्हणजे नवे कर्ज मिळण्याला आणखी एक दिवस उशीर.

उलट अनुभवही नोंदवायला हवा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळसह १५ जिल्ह्यांतल्या गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी पवईच्या आयआयटीतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी गणिती पद्धत बसवून दिली. पाऊस किती, जमिनीत किती मुरतो, पिकाला किती लागतो, याचा हिशेब गावाच्या बैठकीत मांडता यावा हा हेतू. ज्या 'सितारा' केंद्रात हे काम झाले, ते १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यास करते. तिथल्या विद्यार्थ्याला गावात राहून काम करावे लागते आणि त्याचे गुणही मिळतात. संगणकाचा अभ्यास गावाकडे वळवता येतो, याचा हा पुरावा.

२०२५च्या हंगामात सीसीआयला कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आणि वेळ घेणे आले. बाजार समितीच्या आवारात रात्रभर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर उभा ठेवण्याचा त्रास यातून वाचू शकतो. पण सातबारा वडिलांच्या नावावर, मोबाइल मुलाच्या हातात आणि शेत ठेक्याने दुसऱ्याकडे, अशा घरात ती वेळ कोणी घ्यायची? याचे उत्तर अ‍ॅपच्या रचनेत नाही. ते घराघरांतल्या व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार जाणणारी मुले वणीच्या महाविद्यालयांत शिकत आहेत.

विद्यापीठाच्या चौकटीत जागा

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. वणीतला विद्यार्थी या विद्यापीठाची पदवी घेतो. संगणक शिकणारा विज्ञानाकडे जातो, समाजशास्त्र शिकणारा कलाशाखेकडे, आणि दोघांची गाठ कँटीनमध्येच पडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ साली राज्य शासनाने पदवीची जी श्रेयांक-रचना ठरवली, तिच्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्क यांना गुण आहेत, दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याचीही सोय आहे. म्हणजे दार उघडले आहे. आत काय मांडायचे, ते आपल्या हातात आहे.

एरवी अशा प्रकल्पांचे काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गतवर्षीची फाइल, नवे मुखपृष्ठ आणि स्पायरल बाइंडिंग. त्याऐवजी संगणकाचे दोन आणि समाजशास्त्राचे दोन असे चार विद्यार्थी आठवडाभर कोळशाच्या काट्यावर बसले, कोणत्या ट्रकला किती वेळ लागला, यंत्र कितीदा अडले, अडल्यावर कोणाला फोन गेला, हे त्यांनी टिपले, तर वेकोलिलाही ते वाचावेसे वाटेल. दुसऱ्या चौघांनी कापसाची वेळ घ्यायला आलेल्या पन्नास घरांत मोबाइल कोणाच्या हातात होता, एवढेच विचारले, तरी पुष्कळ कळेल. तिसऱ्या गटाने पऱ्हाटीच्या रोगांसाठी वणी तालुक्यात बोलले जाणारे शब्द गोळा केले आणि कोलाम पाड्यावरच्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन कोलामी शब्द शेजारी मांडले, तर मराठीत बोलणाऱ्या उद्याच्या प्रत्येक यंत्राला ती यादी लागणार आहे.

यासाठी महाग प्रयोगशाळा लागत नाही. बॅमफोर्थ खाणीतून आले होते, न्यूगार्ड कामगारांच्या खोलीत बसले, वीरराघवन उसाच्या पावतीमागे गेले. वणीत खाण आहे, कामगार आहेत आणि पावतीही आहे. महाविद्यालयातून काट्यापर्यंत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे जाण्याचे गुण मिळावेत, एवढा ठराव अभ्यास मंडळाने करायचा आहे.